निळे मणी

प्रिय खुडबुड,

तुझं यंदाचं कार्ड येऊन आज अठरा दिवस झाले. नेहमीसारखी मागच्या बाजूला एकच ओळ, "आत्या, तुझे गुलाब कसे आहेत?" दर वेळी मी त्याच दिवशी उत्तर टाकते, "छान आहेत, तू कशी आहेस?" आणि त्या प्रश्नाला तू काही उत्तर देत नाहीस. चार वर्षं आपलं हे असं चाललंय. पोस्टमनला वाटत असेल, काय या आत्या-भाच्या, गुलाबांपलीकडे यांना विषय नाही. या वेळी मला अठरा दिवस लागले, कारण या वेळी खरं उत्तर द्यायचं ठरवलं. गुलाब छान नाहीत. गुलाब नाहीतच. तू गेलीस त्याच वर्षी ते गेले, आणि मी चार वर्षं तुला मेलेल्या झाडांची खुशाली कळवत आले.

आता हातातलं काम सोडून खुर्ची ओढ आणि नीट बस. पत्र लांबणार आहे. तुझ्याच खोलीत, तुझ्याच टेबलाशी बसून लिहितेय. टेबलावर तू लहानपणी सोल्डरिंगच्या लोखंडानं पाडलेला काळा डाग अजून तसाच आहे, त्यावर मी दौत ठेवते. दुपारची जेवणं झाली आहेत, तुझे बाबा आडवे झालेत आणि घोरण्याचा आवाज भिंतीतून येतोय. साडेपाचला पोस्टाची पेटी उघडतात. त्याआधी मला हे संपवायचंय.

आधी घरचं सांगते. तुझ्या बाबांचा, दादाचा, उजवा गुडघा पार गेला. शेडच्या तीन पायऱ्या चढताना तो प्रत्येक पायरीला एकेक शिवी देतो, आणि मी जवळ असले तर शिवीच्या जागी खोकतो. जुने संगणक नि फोन फोडायच्या कामावर पूर्वीसारख्याच बारा जणी आहेत. माल वाढलाय, पण मालाची जात बदलली. पूर्वी संगणक उघडला की आत कसं मांडणीतलं घर दिसायचं, इथे पंखा, इथे तार, इथे चार स्क्रू. आता फोन येतात ते नुसते चिकटवलेले. परवा दादा एक फोन हातात घेऊन अर्धा तास बसला आणि म्हणाला, "याला स्क्रूच नाही गं. सगळा डिंक. डिंकाच्या जगात आपण स्क्रूड्रायव्हरवाल्यांनी काय करायचं?" मी म्हटलं, "गरम कर, सुटेल." तर म्हणाला, "माणसंसुद्धा तशीच सुटतात. गरम केली की." आणि फोन ठेवून उठून गेला. तुझं नाव तो घेत नाही. पण अधूनमधून असं काहीतरी बोलतो.

पकडताई अजून आहे. बोर्डावरचे भाग पकडीनं उपटण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. तिची नजर कमी झाली, जीभ मात्र तेवढीच. नव्या मुलींना शिकवते, "बॅटरी आधी बाजूला, मग दुनिया." तू भिंतीवर लावलेला तक्ता तिनं प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलाय. बॅटऱ्या वेगळ्या, काच वेगळी, बोर्ड वेगळे, तार जाळायची नाही, सोलायची. ते सगळं अजून तसंच चालतं. बंद झाली ती एकच, तुझी पाण्याची गाळणी.

बोर्ड आम्लातून काढून धुतल्यावर जे पाणी उरतं, ते आता मागच्या दोन टाक्यांत साठवतात आणि आठवड्यातून एकदा टँकर येऊन नेतो. कुठे नेतो, हे दादानं कधी विचारलं नाही. मी एकदा विचारलं. "कुठे रिकामा करतोस रे?" ड्रायव्हर म्हणाला, "लांब, बाई." म्हटलं, "लांब म्हणजे कुठे?" तर हसून म्हणाला, "जिथं विचारायला कुणी बाई येत नाही, तिथं." तिथेही कुणाची तरी विहीर असेलच की.

आपली विहीर अजून बंद आहे. लोखंडी झाकणावर पालिकेचं कुलूप आहे, आणि गल्लीतली नऊ घरं कोपऱ्यावरच्या नळाला रांग लावतात. शिवणवाली माझ्याशी बोलते, पण बादली भरेपर्यंतच. तिच्या धाकटीच्या आणि पलीकडच्या घरातल्या एका लहानग्याच्या रक्तात तेव्हा शिसं थोडं जास्त निघालं होतं. तू जाण्याच्या गडबडीत तुला ते कुणी सांगितलं की नाही, ठाऊक नाही. विहीर बंद झाल्यावर वर्षभरात उतरलं. दर तपासणीला मी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसत असे. शिवणवालीला वाटायचं, बाई शेजारधर्म पाळतात. मी तिला तसं वाटू दिलं.

आता उद्याचं सांगते. गल्लीनं अर्ज केला होता, विहीर उघडा नाहीतर कायमची काय ती व्यवस्था लावा. पालिकेचे साहेब उद्या अकरा वाजता शेडमध्ये येणार आहेत. दादानं त्यांना एक लेखी निवेदन द्यायचं ठरलंय. मसुदा मीच लिहून दिला, कारण या घरात सुवाच्य अक्षर माझं. त्यात असं आहे की विहिरीच्या पाण्यात तांबं आणि शिसं उतरलं ते माझ्या मुलीनं बसवलेल्या मण्यांच्या गाळणीतल्या दोषामुळे, ती गाळणी आम्ही काढून टाकली, आणि यापुढे असा प्रयोग या शेडमध्ये होणार नाही. दादानं सही केली की साहेब शिक्का मारतील, विहीर दगडमातीनं भरली जाईल, आणि गल्लीतल्या बाकी पाच शेडवाल्यांनाही मण्यांची गाळणी लावायला बंदी होईल. तुझं नाव त्या कागदावर दोनदा आलंय. दुसऱ्यांदा लिहिताना माझं पेन अडलं. शाई संपली नव्हती.

ते मणी तुला आठवतात का, असं विचारणं म्हणजे आईला बाळंतपण आठवतं का विचारण्यासारखं आहे. पण मला आठवतात ते सांगू दे. मासळीबाजारातून तू पोतंभर कोळंबीची टरफलं घेऊन आलीस आणि अंगणात वाळत घातलीस, तेव्हा गल्लीतली सगळी मांजरं आपल्याकडे मुक्कामाला आली. दादा नाकाला रुमाल लावून म्हणाला, "एवढं शिकवलं ते हे वास मारायला?" तू टरफलं एकदा आम्लात, एकदा क्षारात धुतलीस, त्याचा पांढरा चुरा केलास, तो व्हिनेगरमध्ये विरघळवून खिरीसारखा दाट द्रव केलास, आणि माझ्या हातात इंजेक्शनची सुई नसलेली पिचकारी देऊन म्हणालीस, "आत्या, तुझा हात स्थिर आहे. थेंब थेंब सोड." खाली क्षाराच्या पाण्यात थेंब पडला की जागच्या जागी मणी व्हायचा. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण माझ्या हातून काही घडलं असं मला पहिल्यांदा त्या दुपारी वाटलं.

साधा मणी आंबट पाण्यात विरघळून जातो, म्हणून तू त्याच्या आतल्या धाग्यांना एकमेकांत गाठी मारायचं औषध शोधलंस. किती रात्री जागलीस, किती वेळा सगळी खीर नाल्यात ओतलीस, आणि मग एक दिवस तुझ्या काचेच्या उभ्या नळीत वरून हिरवंनिळं पाणी सोडलं तर खालून स्वच्छ आलं. मण्यांचा वरचा थर निळा झाला, मग त्याखालचा, टीपकागदावर शाई चढावी तसा हळूहळू. बारा जणी कामं टाकून बघायला आल्या. पकडताई म्हणाली, "पाण्याला दृष्ट लागली होती, पोरीनं काढली." आणि तू तिला रागावलीस. म्हणालीस, "दृष्ट नाही, ताई. मणी घाण खात नाही की जाळत नाही. तो नुसता धरून ठेवतो. धरलेलं कुठे ठेवायचं, ते आपण बघायचं." ते वाक्य तू माझ्याकडे बघून म्हणाली नव्हतीस. पण ते माझ्यासाठीच होतं, कारण ते काम तू माझ्याकडे दिलं होतंस.

मण्यांना आम्लानं धुऊन त्यातलं तांबं काढून घ्यायचं आणि मणी पुन्हा वापरायचे. सातआठ धुण्यांनंतर ते थकायचे. त्यांच्यावरचा निळा रंग पूर्ण जायचा नाही. असे थकलेले मणी झाकणाच्या पिंपात भरायचे, पिंप भरलं की धातू वितळवणाऱ्यांच्या गाडीत द्यायचं, आणि वहीत नोंद करायची. या सूचना तू एका कागदावर लिहिल्या होत्यास. तो कागद तू मला तपासायला दिलास आणि मी लाल पेन घेऊन तुझी वाक्यं सुधारली. शिक्षिकेची खोड. वाक्यं सुधारताना मी मजकूर वाचला नाही, असं आता म्हणणं सोपं आहे. वाचला होता.

तुला माझ्या लहानपणच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या, बाग बघणाऱ्या सिस्टरबद्दल मी किती वेळा सांगितलं असेल. बुटकी, गोल चष्म्याची, हातमोजे कधी न घालणारी. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली कोळंबीची टरफलं ती बादलीतून आणायची आणि आम्हां मुलींकडून गुलाबांच्या मुळाशी पुरून घ्यायची. "गुलाबाला समुद्र आवडतो, मुलींनो," असं म्हणायची. तसे गुलाब मी पुढे कुठे पाहिले नाहीत. माझी आई गेली त्या आठवड्यात तिनं मला वर्गातून बाहेर काढलं, कुणाशी काही न बोलता हातात खुरपं दिलं, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी आळी करत बसलो. आयुष्यात नंतर कधीही मन ठिकाणावर नसलं की मी गुलाबाशी जाऊन बसते, ते तेव्हापासून. तुझी आई गेली आणि सहा वर्षांची तू माझ्या पदरात आलीस, तेव्हा पहिल्या आठवड्यात मी काय केलं होतं, आठवतं? तुझ्या हातात खुरपं दिलं होतं. तू खुरप्याचा दांडा उपसून आत काय आहे ते पाहिलंस.

तर पहिलं पिंप भरलं. गाडीवाला म्हणाला, एका पिंपासाठी फेरी परवडत नाही, चार झाली की बोलवा. दुसरं पिंप आणायचं राहिलं. थकलेले मणी बादलीत जिन्याखाली साठायला लागले. त्यांना समुद्राचा अगदी पुसट वास यायचा. एका सकाळी ती बादली उचलली आणि मला वाटलं, हे शेवटी आहे काय, टरफलंच. धुतलेली. निळा रंग म्हणजे नुसता डाग, साबणानं हात धुतले तरी बोटावर शाई राहते तसा. विहिरीच्या कठड्यापासून चार हातांवर माझी सहा झाडं होती. मी आळी उकरली, मणी घातले, वर माती ओढली, पाणी दिलं. तू विचारलंस, "आत्या, दुसऱ्या पिंपाचं झालं का?" मी म्हणाले, "सोय केलीय." खोटं नव्हतं ना ते? दोन वर्षं मी तशी सोय करत राहिले. वहीत नोंद मात्र पिंपाचीच केली.

आता तुला कळलं. पुढे लिहिते.

पहिल्या वर्षी गुलाब असे फुलले की शिवणवालीनं कलमं मागितली. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी रोग म्हणाले, औषध मारलं. मातीतल्या किड्यांनी टरफल खाऊन टाकलं होतं, तू मारलेल्या गाठी हळूहळू सुटल्या होत्या, आणि मण्यांनी इतकी मेहनत करून धरलेलं सगळं माझ्या आळ्यातून पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीकडे निघालं होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. दहावीच्या मुलींना मी हेच शिकवत होते, पदार्थ नाश पावत नाही.

मग तो दिवस. विहिरीच्या पाण्याचा अहवाल घेऊन दादा शेडमध्ये आला तो दारातूनच ओरडत. सगळ्यांसमोर. तू तुझी वही उघडून एकेक आकडा दाखवत होतीस, गाळणीतून बाहेर आलेलं पाणी दोन वर्षांत एकदाही वाईट निघालं नव्हतं. दादा म्हणाला, "मग विहिरीत आकाशातून पडलं का? वहीतलं पाणी प्यायचं का लोकांनी?" आणि मग तू माझ्याकडे पाहिलंस. साधंच पाहिलंस, लहानपणी गणित अडलं की पाहायचीस तसं. मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून पिवळी पडलेली सहा झाडं दिसत होती, आणि त्या क्षणी, खुडबुड, त्याच क्षणी मला सगळं कळलं. नंतर नाही. नंतर कळलं असतं तर या पत्रात मी एवढी लहान झाले नसते.

का बोलले नाही, याचं कारण फार मोठं असेल असं तुला वाटेल. नाही. बारा जणी मला "बाई" म्हणतात. त्यांच्या मुली माझ्या हाताखाली शिकल्या. मी चुकले, तेही कागदावरची सूचना वाचून चुकले, हे त्यांच्यासमोर माझ्या तोंडातून निघेना. म्हटलं, संध्याकाळी दादाला एकटं गाठून सांगेन. संध्याकाळी तू बॅग भरलीस. म्हटलं, पत्रानं कळवेन. मग दोन शिरस्ते पडले, तुझं कार्ड आणि माझे छान गुलाब. विहिरीचा दोष शोधायला दोनदा माणसं आली, नाला खणला, गटाराचे पाइप बदलले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळसा काखेत मारून मीच त्यांना पाणी विचारत होते.

पाच आठवड्यांपूर्वी नळाच्या पाइपासाठी मागची जमीन खणताना पकडताईला काहीतरी लागलं. ती ओंजळ घेऊन माझ्याकडे आली. मातीत माखलेले, पण निळे. अर्धे विरलेले. "बाई, हे बघा." मी म्हटलं, "असतील जुने कधी सांडलेले." ती म्हणाली, "मण्यांना पाय फुटत नाहीत, बाई." तिनं ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातले, झाकण घट्ट लावलं आणि बरणी माझ्या हातात दिली. "मी कुणाला काही बोलणार नाही. पण मला विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तुमच्याच शाळेत शिकलेय." जाताना दारातून म्हणाली, "पोरीला निदान तुम्ही तरी..." आणि वाक्य पुरं केलं नाही. ते पुरं करायला मला चार वर्षं आणि पाच आठवडे लागले.

या पाच आठवड्यांत मी काय केलं ते ऐक. आळ्यांची माती कमरेइतकी खोल खणून काढली. पकडताईनं आणि मी. दादाला म्हटलं, नवी झाडं लावायचीत. माती अकरा पिंपांत भरून झाकणं लावली आणि वर चिठ्ठ्या चिकटवल्या, आत काय आहे त्या. गाडीवाल्याला म्हटलं, आता अकरा झाली, आता परवडेल ना? मातीचे नमुने तीन ठिकाणचे, तीन वेगवेगळ्या खोलीवरचे, प्रयोगशाळेत दिले. सोमवारी अहवाल आला. आळ्यात सगळ्यात जास्त, विहिरीकडे थोडं कमी, तुझ्या गाळणीच्या नाल्याशी जवळजवळ काही नाही. माळ्यावरून तुझ्या नळ्या काढल्या. दादानं त्या भंगारात दिल्या असं तुला वाटलं असेल. चादरीत गुंडाळून ठेवल्या होत्या, त्यानंच. गाठ त्याची होती, मी ओळखते. पकडताईनं टरफलं आणली, मांजरं पुन्हा आली. माझा हात आता पूर्वीसारखा स्थिर नाही, मणी लहानमोठे झाले, काही तर चक्क शेपटीवाले. पण काल टाकीतलं पाणी वरून सोडलं आणि वरचा थर निळा झाला. आम्ही दोघी म्हाताऱ्या नळीसमोर पाटावर बसून खालचा थर निळा व्हायची वाट बघत राहिलो. थकलेल्या मण्यांसाठी दोन पिंपं आधीच आणून ठेवलीत.

उद्या दादा सहीसाठी पेन काढेल, त्याआधी मी उभी राहणार आहे. साहेबांसमोर तुझी वही, मातीचा अहवाल, माझ्या खोट्या नोंदी असलेली वही आणि ती बरणी ठेवणार आहे. शिवणवालीलाही बोलावलंय. तिला मला जे बोलायचं ते बोलू दे, तो तिचा हक्क आहे आणि मी त्याच लायकीची आहे. नंतर मी दोन गोष्टी मागणार आहे. विहीर भरू नका, उपसा, आजूबाजूची माती काढा, दर महिन्याला तपासा, आणि पाणी चांगलं निघेपर्यंत उघडू नका. दुसरं, गाळणीवर बंदी घालू नका. दोष मण्यांत नव्हता, मणी ठेवणाऱ्या बाईत होता. शेडवर काही कारवाई झाली तर होवो. दादा माझ्याशी बोलणं सोडेल, तेही होवो. चार वर्षं तो चुकीच्या माणसाशी अबोला धरून बसलाय.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. तुला हे माहीत होतं का? दर कार्डावर तू गुलाबांचंच का विचारत होतीस? तू हुशार आहेस, वहीतले आकडे पुन्हा पाहिले असशील, पिंपांची गणती केली असशील, आणि "सोय केलीय" आठवलं असेल. माहीत असून तू माझ्यासाठी गप्प राहिलीस, की मला दर वर्षी एकदा दार उघडून देत होतीस? याचं उत्तर मला पाठवू नकोस. ते तुझ्याकडेच राहू दे.

आता हे पत्र आजच का. तुला पोहोचायला चार दिवस लागतील, तोवर उद्याचं सगळं होऊन गेलेलं असेल. उद्या झाल्यावर लिहिलं असतं तर निकालही कळवता आला असता. पण मी स्वतःला ओळखते. या चार वर्षांत दोनदा मी दादासमोर उभी राहिले आणि दोनदा चहा ठेवते म्हणून आत गेले. आमच्या शाळेत जिन्याखाली एक लांब टेबल होतं, फुटक्या वस्तूंचं, त्याची गोष्ट तू माझ्या मांडीवर शंभरदा ऐकलीस. ज्या मुलीकडून काही फुटेल तिनं ती वस्तू स्वतः नेऊन तिथे ठेवायची, शेजारी आपल्या नावाची चिठ्ठी. संध्याकाळच्या घंटेआधी चिठ्ठी पडली तर कुणी तिला शब्दानं दुखवायचं नाही. आणि एकदा ठेवलेली चिठ्ठी उचलायची नाही, हा नियम. ते ऐकून सात वर्षांच्या तू माझं मनगटी घड्याळ उघडलंस, जुळेना तेव्हा सगळे भाग एका ओळीत माझ्या टेबलावर मांडलेस, आणि शेजारी चिठ्ठी ठेवलीस. नाव लिहायच्या ऐवजी तीवर नुसतं लिहिलं होतंस, "मी". ती चिठ्ठी माझ्या पाकिटात अजून आहे. हे पत्र मी साडेपाचला स्वतः जाऊन पेटीत टाकणार आहे, कारण पेटीत पडलेलं पत्र परत काढता येत नाही. मग उद्या अकराला चहा ठेवायला आत जायची सोय मला राहणार नाही. बरणी समोर टेबलावर आहे, आतले मणी खिडकीच्या उजेडात अजून निळे दिसतात. तीवर मी आत्ताच एक कागद चिकटवलाय. अक्षर माझं आहे, शब्द तुझा.

घंटा व्हायच्या आत,
तुझीच,
आत्या